ख्रिस्तपुराणातील सृष्टी आणि विज्ञानाचा तास

फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे छापले गेले. त्यातील पहिले पुराण सृष्टीच्या उत्पत्तीची कथा सांगते. ती आपल्या मुलांनी अवश्य वाचावी. परंतु मराठीच्या किंवा धर्मशिक्षणाच्या तासाला, विज्ञानाच्या नव्हे.

सृष्टी कोणाची आणि माणूस कोणाला उत्तरदायी, हे फादर स्टीफन्स ओवीतून सांगतात. त्या ओवीला खडकाचे वय विचारणे हा कवीवर अन्याय होय. पोशीरजवळच्या माथेरानचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. ते भूविज्ञानाने सांगावे.

ख्रिस्तसभेला त्याचे भय नाही. पोप पायस बारावे यांनी १९५० साली मानवी देहाच्या उत्क्रांतीविषयीच्या संशोधनास वाव दिला. उत्क्रांती हे आता केवळ गृहीतक राहिलेले नाही, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ साली म्हटले. आत्मा परमेश्वरच निर्माण करतो, ही श्रद्धा दोघांनीही अबाधित राखली.

२०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गळाला, तेव्हा १८०० हून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी निषेध नोंदविला. तो निषेध आपलाही असावयास हवा. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय राहिला खरा. पण दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या मुलापर्यंत तो कसा पोहोचणार? त्या रिकाम्या जागी पुराण बसवू पाहणारा विज्ञानाची हानी करतोच, शिवाय फादर स्टीफन्स यांच्या काव्यालाही कच्चे पाठ्यपुस्तक करून सोडतो.