पटदीपाचा निषाद आणि थाटाची चौकट

पाश्चात्त्य संगीतातील ‘मेलडिक मायनर’ या स्वरसप्तकाचे मराठी विवेचन करताना ‘हा म्हणजे आपला पटदीप’ असे म्हणण्याचा मोह अभ्यासकांना होतो. त्या सप्तकाच्या आरोहात गांधार तेवढा कोमल, बाकीचे सहा स्वर शुद्ध. पटदीपातही स्वर हेच. तथापि या साम्यावरून निघणारा निष्कर्ष तपासून घ्यावा लागतो.

युरोपात हे सप्तक गरजेतून घडले. मूळ ‘मायनर’ सप्तकात गांधार, धैवत व निषाद कोमल असतात. षड्जाकडे ओढ घेणारा शुद्ध निषाद स्वरसंघाताला हवा, म्हणून निषाद चढविला. तेव्हा कोमल धैवत व शुद्ध निषाद यांत तीन अर्धस्वरांची दरी पडली. कंठाला ती अवघड वाटली, म्हणून धैवतही चढविला गेला. उतरताना षड्जाची ती ओढ उरत नाही. धैवत-निषाद पुन्हा कोमल होतात. ही दरी सर्वच कानांना खुपते असे मात्र नव्हे. भैरवात ती दोनदा येते, आणि तीच त्याची शोभा आहे!

पटदीपात यांपैकी एकही कारण संभवत नाही. त्याचा निषाद येताजाता शुद्धच राहतो. आरोहात ऋषभ-धैवत वर्ज्य असतात. तो कोमल झाला की भीमपलासी डोकावतो. म्हणजे येथे निषाद संघातासाठी नव्हे, रागभेदासाठी शुद्ध आहे. ‘संन्यस्त खड्ग’ (१९३१) नाटकातील, वझेबुवांच्या चालीचे व मास्टर दीनानाथांनी गाजविलेले पटदीपातील पद ज्यांनी ऐकले आहे, त्यांना हे निराळे सांगावयास नको.

खरी अडचण पुढे आहे. पाठ्यपुस्तके पटदीप काफी थाटात घालतात. काफीत निषाद कोमल. रागाचा प्राणस्वरच थाटात नाही! पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या व्याख्येप्रमाणे थाटात क्रमाने सात स्वर हवेत आणि एका स्वराची दोन रूपे नकोत. या नियमाने बारा स्वरांतून ३२ थाट निघतात; त्यांनी दहाच स्वीकारले. व्यंकटमखीच्या ७२ मेळांपुढे हा आटोपशीरपणा अध्यापनास सोयीचा होता, आणि रागांच्या त्या अरण्यात वाट पाडण्याचे श्रेय त्यांचेच. पण पटदीपाची स्वरावली कर्नाटक पद्धतीत २३ व्या क्रमांकाचा गौरीमनोहरी मेळ म्हणून स्वतंत्र उभी आहे. दहा थाटांत तिला घर नाही. वर्गीकरण सोयीचे आहे असे स्पष्ट सांगावे. ते रागाचे जनकत्व सांगते असा आव आणू नये.

आणखी असे की, चढउताराला स्वर बदलणारे मेलडिक मायनर भातखंड्यांच्या व्याख्येने थाट ठरूच शकत नाही. त्याची तुलना करावयाची तर पिलूशी करावी, कारण तेथे चढताना शुद्ध व उतरताना कोमल स्वरांकडे कल असतो. ‘स्केल’ या शब्दाखाली युरोपीय लेखक येथे चलन सांगत आहेत, ही गोष्ट मराठी भाषांतरांतून बहुधा निसटते.

हाच प्रश्न भामरागडच्या माडिया गोंडांची रेला गीते पेटी घेऊन लिहू पाहणाऱ्या संग्राहकासही पडेल. पेटीवर सप्तकाचे नाव आधी ठरविले, तर कानाला ऐकू येणारा स्वर त्या नावाला जुळेल तेवढाच कागदावर उतरतो. गीत आधी लिहावे. त्याचा थाट कोणता, हे मागाहून पाहता येईल.