सार्वजनिक वनभूमीचे प्रशासन आणि लोकसहभाग : ‘हितसंबंधी’ या संकल्पनेची चिकित्सा

प्रस्तावना

सार्वजनिक भूमीच्या प्रशासनाविषयी १९९० नंतर झालेल्या लेखनात ‘लोकसहभाग’ हा शब्द इतक्या सढळपणे वापरला गेला की त्याच्या नेमक्या अर्थाची विचारणा मागे पडली. जमिनीवर उपजीविका करणारे ग्रामस्थ, तिच्यावर देखरेख ठेवणारे खाते, खनिजासाठी ती मागणारी कंपनी आणि संवर्धनाचा आग्रह धरणारी संस्था या सर्वांना ‘हितसंबंधी घटक’ या एकाच सदरात बसवले जाते. प्रस्तुत लेखात मुख्यतः महाराष्ट्रातील वनभूमीच्या संदर्भात या संकल्पनेची चिकित्सा केली आहे. सहभाग देणे आणि अधिकार मान्य करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथील प्रतिपाद्य होय.

वाट्याचे तत्त्व

१९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने राखीव वनातील ग्रामस्थांचा वावर बहुतांशी सवलतीचा विषय ठरवला. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने स्थानिकांच्या गरजांची दखल घेतली आणि १ जून १९९० च्या केंद्रीय परिपत्रकाने संयुक्त वन व्यवस्थापनाचा मार्ग खुला केला. महाराष्ट्राने १९९२ मध्ये ते धोरण स्वीकारले. या व्यवस्थेत गावाने जंगल राखावे आणि उत्पन्नाचा वाटा घ्यावा, अशी योजना होती. मात्र मालकी व अंतिम निर्णय खात्याकडेच राहिले. शासन निर्णयाने दिलेले शासन निर्णयानेच काढून घेता येते. अशा सहभागाला कायद्याचे अधिष्ठान नव्हते.

हक्काचे तत्त्व

२००६ च्या वनहक्क कायद्याने ही चौकट बदलली. त्याच्या कलम ३(१)(झ) अन्वये सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन व व्यवस्थापन हा हक्क ठरला. दाव्यांची प्रक्रिया सुरू करण्याचा अधिकार ग्रामसभेला मिळाला. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार उपविभागीय वा जिल्हास्तरीय समितीला ग्रामसभेचा ठराव परस्पर फेटाळता येत नाही. तो फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवावा लागतो. येथे ग्रामसभा अनेक हितसंबंधीयांपैकी एक राहत नाही, ती हक्कधारक ठरते.

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात असलेल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनक्षेत्रावर सामूहिक हक्क मिळाला. परंतु हक्क कागदावर येऊनही बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार वनखात्याच्याच हाती होता. कायद्याने बांबूचा समावेश गौण वनोपजात केला असतानाही १९२७ च्या अधिनियमातील ‘वृक्ष’ या व्याख्येचा आधार खात्याला पुरत होता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. एका गावाच्या कायदेशीर हक्काची अंमलबजावणी होण्यासाठी मंत्र्यांना गावात यावे लागले, ही घटना गौरवाची तितकीच चिंतेचीही मानावी लागेल.

मर्यादा आणि आक्षेप

मेंढ्याचे उदाहरण सरसकट लावणे मात्र युक्त नाही. ते प्रामुख्याने गोंड समाजाचे लहान गाव आहे. सर्वसहमतीने निर्णय घेण्याची व अभ्यासगटात चर्चा करण्याची सवय तेथे कायदा येण्यापूर्वीच रुजली होती. जेथे गावातच जमीनदार व भूमिहीन, शेतकरी व पशुपालक असे भेद आहेत, तेथे ग्रामसभेचा आवाज नेमका कोणाचा, हा प्रश्न उरतो. सुधारित नियमांनी निम्मी गणपूर्ती व उपस्थितांत किमान एक तृतीयांश महिला अशी अट घातली. पण उपस्थिती म्हणजे प्रभाव नव्हे. या अर्थाने हितसंबंधांचे विश्लेषण गावाच्या आत उपयुक्तच आहे. आक्षेप आहे तो त्याचा वापर करून हक्कधारकाला अर्जदारांच्या रांगेत उभे करण्याला.

ही प्रवृत्ती धोरणातही दिसते. महाराष्ट्राच्या २०१४ च्या ग्रामवन नियमांनी वनहक्क कायद्याला समांतर अशी व्यवस्था उभी केली व त्यावर आदिवासी संघटनांनी आक्षेप घेतले. ओडिशातील नियमगिरी प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवण्याचा आदेश दिला आणि बाराही ग्रामसभांनी खाणीस नकार दिला. तरीही २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी वनहक्कांच्या पूर्ततेची जबाबदारी केंद्राच्या मंजुरीनंतरच्या टप्प्यावर राज्य शासनाकडे सोपवली. निर्णय आधी आणि विचारणा नंतर, असा क्रम झाल्यास संमतीचे रूपांतर औपचारिकतेत होण्याचा धोका उघड आहे.

निष्कर्ष

लोकसहभागाचे मोजमाप बैठकांच्या संख्येवरून करता येत नाही. त्यासाठी तीन कसोट्या पुरेशा आहेत. संबंधित समूहाला ‘नाही’ म्हणता येते काय? तो नकार प्रशासनावर बंधनकारक आहे काय? आणि मान्य झालेल्या हक्काची नोंद महसूल व वन विभागांच्या अभिलेखात होते काय? तिसरी कसोटी दुय्यम वाटली तरी सर्वांत निर्णायक आहे. सुधारित नियमांनी अंतिम नकाशा व नोंदीसाठी कमाल तीन महिन्यांची मुदत घातली आहे, ती याच कारणासाठी. अभिलेखात ग्रामसभेचे नाव नसेल, तर पुढच्या अधिकाऱ्याच्या लेखी ती पुन्हा एक हितसंबंधीच ठरते, आणि मिळवलेला हक्क नव्याने सिद्ध करण्याचा भार पुन्हा गावावरच येऊन पडतो.