बोळके, ताटली आणि कर्णधारपद

‘मैदानाला जात नसते’ हे वाक्य आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर मी कितीदा तरी ऐकले आहे. अलिबाग असो की मुरुड, ओहोटी लागली की ओल्या वाळूवर पोरांचे क्रिकेट सुरू होते आणि बक्षीस समारंभात कोणी तरी पाहुणा हे वाक्य हमखास उच्चारतो. आपल्या क्रीडावाङ्मयाचाही तो मूळमंत्र आहे. तो खरा आहे काय, हे तपासण्यासाठी दोन माणसे शेजारी उभी करू.

पहिला हँक ॲरन. जन्म १९३४, अमेरिकेतील अलाबामा, गरीब काळे कुटुंब. १९५२ साली काळ्यांच्या संघातून खेळत असताना वॉशिंग्टनच्या एका उपाहारगृहात ही मुले जेवली. त्यांच्या ताटल्या आत फोडल्याचा आवाज ॲरनने ऐकला. पुढे हे त्यानेच सांगितले. होम रन म्हणजे बेसबॉलमधला आपला षटकार. ८ एप्रिल १९७४ रोजी ७१५ वा होम रन मारून ॲरनने बेब रूथ या गोऱ्या दैवताचा विक्रम मोडला. त्याआधी महिनोन्महिने शिव्यांची आणि जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रे येत होती. १९७६ साली तो निवृत्त झाला तेव्हा आकडा ७५५ होता.

दुसरे बाळू पालवणकर, चांभाराच्या घरचे. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यात तुटपुंज्या पगारावर खेळपट्टीची कामे करता करता साहेबांना गोलंदाजी टाकली आणि त्यातून हा डावखुरा फिरकी गोलंदाज घडला. हिंदू संघाने त्यांना घेतले; पण चहा मिळे तो बाहेर, मातीच्या बोळक्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरी कर्णधारपद नाही.

ताटली फोडणारा गोरा आणि बोळके वेगळे ठेवणारा सवर्ण यांना खेळाडूचा हात हवा होता, त्याचा स्पर्श नको होता. आणि हुकूम तर त्याहून नको. अमेरिकेच्या मोठ्या बेसबॉलमध्ये काळ्या माणसाच्या हाती संघाची सूत्रे प्रथम आली ती १९७५ साली. इथे १९२० मध्ये बाळूंना पुन्हा डावलले तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी संघातून माघार घेतली. त्यानंतर त्याच स्पर्धेत बाळू उपकर्णधार झाले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांनी स्पर्धा जिंकली. आमचे क्रीडालेखक याला गुणवत्तेचा विजय म्हणतात. मी म्हणतो, गुणवत्ता तर १९११ पासून सिद्धच होती. दार उघडले ते नकाराने.

पण हिशेब आपलाही मांडला पाहिजे. १९३२ च्या पुणे करारावर बाळूंची सही आहे. १९३७ साली ते काँग्रेसतर्फे मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले. त्यांचे राजकारण चुकलेच, याबद्दल मला शंका नाही. परंतु त्या एका निवडणुकीपायी चळवळीने त्यांच्या उभ्या आयुष्याकडे पाठ फिरवावी काय? इंग्लंडहून परतलेल्या बाळूंचा सत्कार करण्यात बाबासाहेब स्वतः पुढे होते. त्यांना जे मोठेपण दिसले, ते आपण पोरांना सांगत नाही. ‘पँथर’ हे नाव अमेरिकेतल्या काळ्यांकडून घेणारे आपण, घरचा बाळू मात्र विसरतो.

विठ्ठल कर्णधार झाल्यावर चारच वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, याच जिल्ह्यात महाडच्या चवदार तळ्यावर आपली माणसे पाणी प्यायली आणि त्यांच्यावर काठ्या पडल्या. सामना जिंकून देणारा अस्पृश्य चालला. ओंजळभर पाणी पिणारा चालला नाही. पुढच्या बक्षीस समारंभाला टाळी वाजवण्यापूर्वी एवढे आठवावे.