डाव मांडता येईल असं शिल्प

1944 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या ज्युलियन लेव्ही गॅलरीत बुद्धिबळावर एक प्रदर्शन भरलं. मार्सेल द्युशाँ, माक्स अर्न्स्ट अशी बडी मंडळी त्यात होती, पण आज आवर्जून आठवतं ते शिल्पकार इसामु नोगुचीचं टेबल. त्याने चौसष्ट घरं आखलीच नाहीत. काळ्या लाकडावर नुसते ठिपके जडवले. वरचा पट बाजूला फिरवला की खाली मोहरे ठेवायला खळगे. प्रदर्शन चालू असतानाच बुद्धिबळपटू जॉर्ज कोल्टानोवस्की पट न पाहता अनेकांशी एकाच वेळी खेळला आणि चाली पुकारायला द्युशाँ उभा होता.

गंमत अशी, की नोगुचीला खेळ उघड्यावर हवा होता. लहान-मोठ्यांनी अंगाखांद्यावर चढावं असा ‘प्ले माउंटन’ त्याने 1933 मध्येच कल्पिला होता. शहराच्या उद्यानांचा कारभारी रॉबर्ट मोझेस याने तो फेटाळला. टेबल मात्र दिवाणखान्यात चालून गेलं. नोगुची 1988 मध्ये वारला आणि साप्पोरोचं त्याने आखलेलं मोएरेनुमा पार्क 2005 मध्ये पूर्ण झालं.

उघड्यावर आल्यावर बरेच शिल्पकार सोपी वाट धरतात: आकार वाढवायचा. पुरुषभर उंच घोडे, उंट, वजीर. फोटो छान येतात, डाव क्वचितच संपतो. फत्तेपूर सिक्रीच्या फरशीवरचा पचिशीचा पटही भव्यच. तिथे सोंगट्यांच्या जागी दासी उभ्या करत, असं सांगतात. तो बघण्याचा खेळ होता आणि तोही बादशहाचा.

माझ्या मते खरं काम त्यांनी केलं, ज्यांनी आकाराऐवजी नियमाला हात घातला. योको ओनोने 1966 मध्ये पट आणि दोन्ही बाजूंचे मोहरे पांढरेच केले. चार-सहा चालींनंतर आपलं प्यादं कुठलं, हेच कळेनासं होतं. त्याची मोठी आवृत्ती ईस्ट हॅम्प्टनच्या लाँगहाउस रिझर्व्ह बागेत आहे आणि मोठी असूनही ती फसत नाही, कारण गोंधळ तोच राहतो. गाब्रिएल ओरोस्कोने 1998 मध्ये टेबल टेनिसची चार अर्धी टेबलं फुलीसारखी मांडली आणि जाळीच्या जागी कमळांचं तळं ठेवलं. चार खेळाडू, मध्ये पाणी; गुण कसे मोजायचे ते तुमचं तुम्ही ठरवा. अशा कामात प्रेक्षकाला खेळल्याशिवाय काही कळतच नाही.

पण ते तळं बर्लिनच्या एखाद्या चौकात उतरवा. तिथे जागोजाग काँक्रीटची टेबलं आहेत, पत्र्याची जाळी, नावागावाचा शिल्पकार नाही, तरी माणसं खेळतात. वाऱ्याने चेंडू भरकटतो, तेही चालवून घेतात. कलाकाराच्या टेबलाला या बिनचेहऱ्याच्या ठोकळ्याशी स्पर्धा आहे आणि बहुतेकदा ठोकळाच जिंकतो.

आपल्याकडच्या लेण्यांत, किल्ल्यांवर, देवळांच्या ओट्यांवर वाघबकरीचे, नवकंकरीचे पट कोरलेले सापडतात. हे कोरणारे शिल्पकार म्हणवून घेत नसावेत, पण जागेची निवड बघा: सावली, टेकायला पाठ, येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर. आजच्या बागेतलं ग्रॅनाइटचं टेबल भर उन्हात असतं. एप्रिलच्या दुपारी त्यावर कोपर ठेवून दाखवावं. त्यात बुद्धिबळात उजव्या हाताला पांढरं घर यावं लागतं. गवंड्याने पट नव्वद अंशांत चुकवला आणि आसनं जमिनीत गाडलेली असली, तर दोघांनी आयुष्यभर वाकड्या बाजूने बसायचं. शिल्प म्हणून त्यात काही बिघडत नाही, हेच दुखणं.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात बर्नार्ड बारुक यांच्या देणगीतून 1952 मध्ये चेस अँड चेकर्स हाउस उभं राहिलं. टेबलं साधीच आहेत, पण मोहरे तिथे मागितले की मिळतात. आपल्या बागांतल्या दगडी पटांवर देणगीदाराचं नाव ठळक कोरलेलं असतं. मोहऱ्यांचा डबा कुणाकडे मागायचा, हे निविदेत कुणी लिहीत नाही.