ट्रॉफी आहे, ढाल नाही : कंपनीतल्या वकिलांच्या पुरस्कारांविषयी

 

या व्यासपीठावर समीक्षा म्हटलं की पुस्तक, नाटक, फार तर सिनेमा. आज आम्ही एका सोहळ्याची समीक्षा करणार आहोत. कंपन्यांच्या पगारावर काम करणाऱ्या वकिलांना, म्हणजे ज्यांना आपण इन-हाउस वकील किंवा ऑफिसच्या भाषेत नुसतं 'लीगल' म्हणतो, त्यांना दरवर्षी पुरस्कार दिले जातात. 'जनरल काउन्सेल ऑफ द इयर', 'इन-हाउस टीम ऑफ द इयर' अशी त्यांची नावं असतात. 'लीगल ५००' ची पॉवरलिस्ट आहे, 'एशियन लीगल बिझनेस' चे इंडिया लॉ अवॉर्ड्स आहेत, आणखीही बरेच आहेत. अशा पुरस्काराला शब्द असतात, निकष असतात, परीक्षक असतात. म्हणजे तो वाचता येतो. आणि जे वाचता येतं त्याची समीक्षा करता येते.

हा विषय वांद्र्यात बोलायला सोयीचा आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात सेबी आहे, राष्ट्रीय शेअर बाजार आहे, नाबार्ड आहे, मोठ्या बँकांची मुख्यालयं आहेत, हिरे बाजार आहे. या प्रत्येक काचेच्या इमारतीत एखादा मजला किंवा निदान एक कोपरा 'लीगल'चा असतो. फोर्टातल्या वकिलाला काळा कोट असतो, त्याचा पुकारा होतो, निकालपत्रात त्याचं नाव छापलं जातं. संकुलातल्या वकिलाला यातलं काही नाही. गळ्यात कार्ड, समोर लॅपटॉप, आणि संध्याकाळी सातला येणारी 'जरा अर्जंट बघा' अशी मेल.

आता कायदा या माणसाकडे कसं बघतो ते पाहू. वकील कायदा १९६१ चा. त्याखाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने जे नियम केले त्यातला नियम ४९ सांगतो की वकिलाने पूर्णवेळ पगारी नोकरी धरली तर त्याने तसं बार कौन्सिलला कळवायचं आणि नोकरी असेपर्यंत वकिली थांबवायची. म्हणजे सनद बाजूला ठेवायची. कंपनीच्या दारातून आत गेलं की वकील असूनही वकील नाही. बरं, कंपनी कायद्यात तरी जागा आहे का? कंपनी कायदा २०१३, कलम २०३. मोठ्या कंपन्यांना जे प्रमुख पदाधिकारी नेमावेच लागतात त्यांची यादी तिथे आहे. व्यवस्थापकीय संचालक किंवा मुख्याधिकारी, कंपनी सेक्रेटरी, मुख्य वित्त अधिकारी. जनरल काउन्सेल त्या यादीत नाही. कोर्टाने बाहेर ठेवलं आणि कंपनी कायद्याने नाव घेतलं नाही, असा हा मधल्यामध्ये उभा असलेला माणूस आहे.

म्हणून आम्ही या पुरस्कारांची टिंगल करणार नाही. कौतुकाची ही भूक खरी आहे. एखाद्या जिल्ह्याच्या लॉ कॉलेजातून आलेली मुलगी पंधरा वर्षं करारातली कलमं वाचत बसते, तिचं नाव कुठेही छापून येत नाही, आणि एका संध्याकाळी तिचं नाव पुकारलं जातं. दुसऱ्या दिवशी तिच्या कंपनीचे संचालक तिला पहिल्यांदा नावाने ओळखतात. हा फायदा छोटा नाही. आमचा प्रश्न पुढचा आहे. नाव पुकारताना नेमकं कशाचं कौतुक होतं?

मानपत्रांचा साचा पाहा. अमुक हजार कोटींचं विलीनीकरण पार पाडलं. तमुक शेअरविक्री वेळेत पूर्ण केली. बाहेरच्या वकिलांवरचा खर्च कमी केला. करार तपासायला नवं सॉफ्टवेअर आणलं. व्यवसायाला साथ दिली. ही सगळी कामं चांगलीच आहेत. पण यातली क्रियापदं बघा. पार पाडलं, पूर्ण केलं, आणलं, साथ दिली. 'अडवलं' हे क्रियापद नाही. 'नको म्हटलं' नाही. 'सही केली नाही' हे तर नाहीच नाही.

आता कंपनीत वकील ठेवतात कशासाठी? करार लिहायला, हो. पण करार बाहेरूनही लिहून घेता येतात. आतला वकील हवा असतो तो धोका घडायच्या आधी दिसावा म्हणून. त्याचं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे जे घडलंच नाही ते. जे कर्ज दिलं गेलं नाही, जी जाहिरात छापली गेली नाही, जी तारीख मागे टाकली गेली नाही. त्याचा पुरावा देता येत नाही. आणि समजा देता आला, तरी सांगता येत नाही, कारण ती अशिलाची गुप्त गोष्ट आहे. पुरस्काराची प्रवेशिका भरायची असते तेव्हा कंपनीची परवानगी लागते. कुठली कंपनी लिहून देईल की आमच्या विक्रीप्रमुखाला एक भानगड करायची होती आणि आमच्या वकिलाने ती होऊ दिली नाही? म्हणजे प्रवेशिकेची रचनाच अशी आहे की वकिलाचं उत्तम काम बाहेर राहतं आणि दुसऱ्या क्रमांकाचं काम स्पर्धेत उतरतं.

आता दुसरा मुद्दा, पैशाचा. नियम ३६ प्रमाणे आपल्याकडे वकिलाला जाहिरात करता येत नाही, काम मागत फिरता येत नाही. २००८ पासून वेबसाइटवर ठरावीक माहिती द्यायची मुभा मिळाली, तेवढीच. मग मोठ्या लॉ फर्मने काम देणाऱ्यांना भेटायचं कुठे? काम देणारा कोण, तर कंपनीतला हाच वकील. बाहेरची कुठली फर्म नेमायची ते बहुतेक वेळा त्याच्या टेबलावर ठरतं. आणि पुरस्काराच्या रात्री पडद्यावर प्रायोजक म्हणून नावं कोणाची दिसतात? बऱ्याचदा त्याच फर्मची. ज्याच्याकडून काम हवं त्याच्या सत्काराचा खर्च उचलायचा, अशी ही रचना होते. सगळीकडे असंच चालतं असं आमचं म्हणणं नाही, काही ठिकाणी परीक्षक स्वतंत्र असतात आणि मेहनतही घेतात. पण हार घालणाऱ्याचा हात आणि बिल पाठवणाऱ्याचा हात एकच असेल, तर प्रेक्षकाने हाराकडे जरा सावधपणे बघावं.

यावर कोणी म्हणेल, निकष कडक करा, गुण द्या, प्रश्न सुटेल. त्यासाठी कोर्टाचाच अनुभव पाहू. ज्येष्ठ वकील हा मान वकील कायद्याच्या कलम १६ खाली उच्च आणि सर्वोच्च न्यायालय देतं. तिथे प्रायोजक नाही, टेबलं विकत नाहीत. तरी पक्षपाताच्या तक्रारी झाल्या, म्हणून २०१७ मध्ये इंदिरा जयसिंग यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने शंभर गुणांची पद्धत घालून दिली. किती वर्षं वकिली, किती निकाल, किती लेखन, मुलाखत, असे गुण. सुमारे साडेसात वर्षं ती चालवून पाहिली आणि मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने ती गुणपद्धत मोडीत काढली. ज्यांचं काम उघड्या कोर्टात चालतं त्यांचंही मोठेपण गुणांत बसेना. मग बंद दाराआड काम करणाऱ्याचं दोन पानी प्रवेशिकेत कसं बसावं?

मानचिन्हं किती फसवी असू शकतात हे आपण पाहिलेलं आहे. सत्यम कंपनीला सप्टेंबर २००८ मध्ये उत्तम कारभारासाठी 'गोल्डन पीकॉक' हा जागतिक पुरस्कार मिळाला. ७ जानेवारी २००९ ला रामलिंग राजूंचं कबुलीपत्र आलं, हिशेब खोटे आहेत म्हणून. पुरस्कार परत घेतला गेला. एन्रॉन तर आपल्या दारातली. गुहागर तालुक्यातल्या दाभोळ प्रकल्पामुळे महाराष्ट्राच्या घराघरात ते नाव गेलं. त्या एन्रॉनला 'फॉर्च्युन' मासिकाने सलग सहा वर्षं अमेरिकेतली सगळ्यात कल्पक कंपनी ठरवलं होतं. डिसेंबर २००१ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. आणि अगदी जवळचं उदाहरण हवं तर याच संकुलात मुख्यालय असलेली आयएलअँडएफएस. २०१८ मध्ये बुडायच्या जेमतेम काही महिने आधीपर्यंत तिच्या कर्जरोख्यांना 'ट्रिपल ए' मानांकन होतं. १ ऑक्टोबर २०१८ ला सरकारने तिचं संचालक मंडळ बाजूला केलं. या तिन्ही ठिकाणी वकिलांचा दोष होता असं आम्ही सुचवत नाही. सांगायचं एवढंच की बाहेरून दिसणाऱ्या यशाला दिलेलं प्रमाणपत्र आतली कीड दाखवत नाही. ती बघायला आतला माणूस लागतो. आणि त्या माणसाचं ऐकलं गेलं पाहिजे.

तो माणूस बोलू शकतो का? इथे आपण मुख्य मुद्द्याशी येतो. वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं गुप्त राहतं, कोर्टही वकिलाला ते उघड करायला लावू शकत नाही. हे संरक्षण आधी १८७२ च्या पुरावा कायद्यात होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात आहे. ते पगारी वकिलाला लागू आहे का? मुंबई महापालिका विरुद्ध विजय मेटल वर्क्स या १९८२ च्या निकालसंग्रहात आलेल्या खटल्यात आपल्या उच्च न्यायालयाने म्हटलं, आहे. मालकाला कायदेशीर सल्ला देणारा पगारी माणूसही वकिलासारखाच धरावा. पण ३१ ऑक्टोबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने उलट सांगितलं. वकिलांना तपास यंत्रणांनी समन्स पाठवण्याच्या प्रकरणात न्यायालयाने बाहेरच्या वकिलांना भक्कम संरक्षण दिलं, आणि कंपनीतला वकील कलम १३२ च्या संरक्षणात येत नाही असं स्पष्ट केलं. कंपनीच्या बाहेरच्या कायदा सल्लागाराशी त्याने केलेल्या पत्रव्यवहाराला कलम १३४ ची मर्यादित सावली आहे. पण मालक आणि तो यांच्यातल्या बोलण्याला नाही. युरोपच्या न्यायालयानेही २०१० मध्ये अक्झो नोबेल प्रकरणात, स्पर्धा कायद्याच्या तपासापुरतं, असंच ठरवलं होतं. कारण तेच : पगार घेणारा माणूस मालकापासून पुरेसा स्वतंत्र नसतो.

आता हे दोन कागद शेजारी ठेवा. एकावर पुरस्काराचं मानपत्र : 'स्वतंत्र बाण्याच्या, निर्भीड सल्ल्याबद्दल'. दुसऱ्यावर देशाचं सर्वोच्च न्यायालय : तुम्ही स्वतंत्र नाही. पहिला कागद भिंतीवर लावायचा. दुसरा कागद रोजच्या कामात जाणवायचा. कारण आपली मेल उद्या तपास अधिकाऱ्याच्या हातात जाऊ शकते हे कळलं की वकील लिहायचं टाळतो. 'भेटून बोलू' म्हणतो. लेखी इशारा राहत नाही, आणि बुडाल्यावर 'आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं' म्हणायला सगळे मोकळे.

मराठी माणसाला 'नाही' म्हणणारा पगारी न्यायशास्त्री म्हटलं की रामशास्त्री प्रभुणे आठवतात. ते वकील नव्हते, पेशव्यांचे न्यायाधीश होते, पण दरबारचे पगारी होते. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाल्यावर राघोबादादांना त्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं, ही कथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली. आम्हाला मात्र या कथेचा एक परिणाम खटकतो. 'नाही' म्हणायचं तर जागा सोडायची, असा एकच नमुना तिने आपल्या मनात बसवला. गृहकर्जाचे हप्ते भरणाऱ्या, मुलांच्या फिया भरणाऱ्या वकिलाकडून दर वेळी त्यागाची अपेक्षा करणं अन्याय आहे. चांगली संस्था ती, जिथे वकील सोमवारी 'नाही' म्हणतो आणि मंगळवारी त्याच खुर्चीवर कामाला येतो.

म्हणून पुरस्कार बंद करा असं आम्ही म्हणणार नाही. प्रश्न बदला असं म्हणू. जनरल काउन्सेलला संचालक मंडळासमोर, मधे कोणी न ठेवता, बोलता येतं का? त्याची नेमणूक आणि गच्छंती एकटा मुख्याधिकारी ठरवतो की स्वतंत्र संचालकांचंही मत घेतलं जातं? त्याचा बोनस सौदा पूर्ण होण्याशी बांधलेला आहे का? बांधलेला असेल तर 'नाही' महाग पडणारच. हे सगळं विचारताना एकही गुपित फोडावं लागत नाही. परीक्षक निवृत्त न्यायाधीश, स्वतंत्र संचालक असावेत, काम मागणाऱ्या फर्म नसाव्यात. वकिलाच्या हाताखालच्यांना आणि कराराच्या पलीकडच्या बाजूच्या वकिलांना विचारावं. निवडीची कारणं लिहून छापावीत. आणि पुरस्कार त्याच वर्षी देण्याची घाई कशाला? सौद्याला पाच वर्षं होऊ द्या, तो टिकला का ते बघा, मग शाल घाला.

वांद्रे पूर्वेला सरकारी वसाहतीच्या जागेवर मुंबई उच्च न्यायालयाचं नवं संकुल व्हायचं आहे, सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच्या पायाभरणीचा समारंभ झाला. ते उभं राहिलं की काळा कोट आणि गळ्यातलं कार्ड शेजारी होतील. अंतर मिनिटांचं राहील. पण कायद्यातलं अंतर कमी करायचं काम संसदेचं, बार कौन्सिलचं आणि या वकिलांच्या स्वतःच्या संघटनांचं आहे. पुरस्काराच्या रात्री ते सगळे एका छताखाली असतात. टाळ्या थांबल्यावर त्यांनी ही मागणी मांडली, तर ती संध्याकाळ सार्थकी लागली असं आम्ही म्हणू.