विटेवर कोण उभे आहे?



अंधेरीचे कारखाने घ्या, घाटकोपरची दुकाने घ्या की मुलुंडची हापिसे घ्या, भिंतीवर एक पाटी बहुधा सापडतेच: ‘काम हीच पूजा’. कधी तिच्या शेजारी संत सावता महाराजांचे चित्रही असते. आमच्या कीर्तनांतही सावतोबांचा अभंग निरूपणाला घेतला की बहुतेक वेळा हाच सिद्धांत ठेवला जातो. आपले काम नेकीने करा, वेगळी भक्ती करायला नको. ऐकणारा दिवसभर दमून आलेला असतो, त्याला बरे वाटते. बारा-बारा तास घराबाहेर काढले ते देवाच्याच कामी लागले, अशी तो आपली समजूत घालतो. या अर्थाची चिकित्सा केली पाहिजे असे मला वाटते. तो अर्थ खोटा नाही, पण अर्धा आहे. आणि या अर्ध्या अर्थाने पुष्कळ घरे रिकामी केली आहेत.

सावतोबा सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातील अरणचे. त्यांना आपल्या मळ्यातल्या भाजीपाल्यात पांडुरंग दिसला. इथे दिशा नीट पाहावी. मळ्यात देव दिसला, मळा हाच देव झाला नाही. ‘कामात देव आहे’ आणि ‘काम हाच देव आहे’ ही दोन वाक्ये कानाला सारखी लागतात, पण त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्या वाक्याने काम करणाऱ्याची दृष्टी वाढते, दुसऱ्याने काम सांगणाऱ्याची मागणी वाढते. शिवाय मळ्याच्या कामाला वेस होती. दिवस मावळला की खुरपे खाली ठेवायचे. विहिरीचे पाणी आटले की झरे भरेपर्यंत मोट थांबायची. सावतोबांचा मळा रात्री त्यांच्याबरोबर अंथरुणात येत नव्हता. आजचे हापिस मोबाईलमधून उशाशी येऊन झोपते. तेव्हा ज्यांच्या कामाला वेस होती, त्यांच्या नावाने बिनवेशीच्या कामाचा गौरव करणे हा सावतोबांवर अन्याय आहे.

या पाटीला अलीकडे मोठ्या माणसांचे पाठबळ मिळाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सुचवले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे बोलणे गाजले. ते ९० तासांवर गेले. रविवारीही कामाला लावता येत नाही याची खंत त्यांनी बोलून दाखवली आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, अशा अर्थाचा प्रश्न केला. त्यावर लोकांनी विनोद केले. वारकऱ्याने मात्र हा प्रश्न गंभीरपणे घ्यावा. नुसते बघत राहणे हेच आपल्या संप्रदायाचे मोठे साधन आहे. आषाढीला पंढरपुरात माणूस दिवस-दिवस दर्शनबारीत उभा राहतो तो कशासाठी? काही क्षण बघण्यासाठी. देव बोलत नाही, काही देत नाही, कमरेवर हात ठेवून उभा असतो. आपण त्याच्याकडे बघतो, तो आपल्याकडे बघतो, आणि यालाच आपण जन्माचे सार्थक म्हणतो. ज्याला हे कळले त्याला घरातल्या माणसाकडे किती वेळ बघायचे, हा प्रश्न पडू नये. जिवंत माणसाकडे निवांत बघण्याची ज्याची सवय मोडली, त्याचे पंढरपूरचे दर्शनही घाईचेच होणार.

आता उपनगरांकडे पाहू. वेळ वाचवायची साधने इथे कमी नाहीत. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. अंतर ११.४ किलोमीटर, वेळ २१ मिनिटे. त्याच वाटेवर बसने तास-सव्वा तास सहज जायचा. म्हणजे जाता-येता रोजचा दीड तास वाचला. तो दीड तास घरी आला का? काहींच्या घरी आला असेल, त्यांनी सुखी असावे. पण पुष्कळांच्या बाबतीत हापिसाने तो आधीच उचलला. उरलेला लांबच्या घराने खाल्ला. गिरणगावातली कुटुंबे कांदिवली-बोरिवली-मुलुंडला आली, त्यांची मुले विरार-बदलापूरला गेली. गाडीचा वेग वाढला की घर आणखी एक स्टेशन लांब जाते. नुसत्या वेगाने उसंत मिळत नाही, हे ध्यानात घ्यावे.

बोरिवलीला एका घरी कीर्तनानंतर आम्ही जेवायला बसलो होतो. म्हाताऱ्या आजोबांनी ताटावर बसून तीनदा विचारले, “पोरगा आला का गं?” सून म्हणाली, “तुम्ही जेवून घ्या बाबा, त्यांचा काही नेम नाही.” तिने साध्या बोलीत उत्तर दिले, पण माझा घास हातातच राहिला. आपल्याकडे नेम म्हणजे व्रत. एकादशीचा नेम, हरिपाठाचा नेम, वारीचा नेम. त्या मुलाचा हापिसचा नेम एक दिवस चुकत नव्हता. घराचा तेवढा नेम नव्हता.

इथे पुंडलिकरायांची कथा नव्याने वाचली पाहिजे. आपण ती मातृपितृसेवेची कथा म्हणून सांगतो, ते बरोबरच आहे. पण कथेचा प्राण आहे तो थांबवण्यात. दारात प्रत्यक्ष परमात्मा आला आणि पुंडलिकाने आईवडिलांचे पाय सोडले नाहीत. वीट फेकली आणि देवाला उभे राहायला सांगितले. देव रागावला नाही. उभा राहिला, तो आजही उभा आहे. एकाच वेळी दोघे समोर आले की एकाला थांबावे लागते. कोणाला थांबवायचे, हे ठरवताना माणसाचा खरा देव कळतो. आता आपल्या घरातली वीट शोधा. तिच्यावर कोण उभे आहे? साहेबाचा फोन आला की ताटावरून उठतो, म्हणजे ताट थांबले. मूल चित्र दाखवायला येते, आपण मोबाईलवरून मान न काढता ‘थांब’ म्हणतो, म्हणजे मूल थांबले. आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचे आहे, ते दिवाळीनंतर. म्हणजे आई थांबली. हापिस तेवढे कधी विटेवर उभे राहत नाही. पुंडलिकाने देवाला थांबवले आणि आईवडिलांना जवळ केले. आपण आईवडिलांना विटेवर उभे करून त्याला कर्तव्य म्हणतो.

आणि एक धीर देणारी गोष्ट याच कथेत आहे. पुंडलिक काही जन्मापासून असा नव्हता. आधी तो आईवडिलांची हेळसांड करणाराच होता. काशीच्या वाटेवर कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले आणि तो मागे फिरला. तेव्हा मागे फिरता येते, हे संप्रदायाच्या पहिल्याच कथेत सांगून ठेवले आहे.

दुसरी कथा तेरच्या गोरोबाकाकांची. ते नामात रंगून चिखल तुडवत होते, रांगत आलेले मूल पायाखाली आले, तरी त्यांना भान नव्हते. आम्ही कीर्तनकार ही कथा तल्लीनतेचा कळस म्हणून सांगतो. तो मुख्य अर्थ मी नाकारत नाही. पण श्रोत्यांत जेव्हा अंधेरी-सीप्झला रात्रपाळी करणारे बाप बसलेले असतात, तेव्हा निरूपण तेवढ्यावर सोडून चालत नाही. काकांची तल्लीनता नामात होती, तरीही आईचा आकांत झाला, घर दुभंगले, पुढे काकांचे हात गेले. कथा हे काही झाकून ठेवत नाही. देवाने हात आणि मूल परत दिले ते नामाच्या बळावर. आपण ज्या चिखलात पाय हलवतो आहोत, तिथे नाम आहे की नुसता आकड्यांचा चिखल? आणि रांगत येणाऱ्या मुलाचे बालपण एकदा पायाखाली गेले, तर ते परत द्यायला कोणता मालक येणार आहे?

तिसरी जनाबाई. तिचे दळण आम्ही गोड चालीत गातो आणि बायांना सांगतो, पहा, काम करता करता नाम घ्या. यात एक गोष्ट सोयीस्करपणे सुटते. जनीच्या जात्याला देवाने हात लावला. तो दळू लागला. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट-बोरिवली अशी खास महिलांची लोकल सुरू केली. त्या गाडीत संध्याकाळी मांडीवर पिशवी पसरून शेंगा निवडणाऱ्या, भाजी मोडणाऱ्या बाया दिसू लागल्या, त्या आजही दिसतात. हापिसाचे आठ तास, गाडीचे तीन, आणि घरी पोचण्याआधीच स्वयंपाकाला सुरुवात. घरचा पुरुष म्हणतो, मी दमलो. ती दमली हे बोलायलाही तिला वेळ नाही. विठोबाला जात्याचा खुंटा धरायला कमीपणा वाटला नाही. मग कपाळी बुक्का लावणाऱ्याला कुकरची शिट्टी मोजायला, ताटे घासायला कमीपणा का वाटावा? उसंत घ्यायची ती घरातल्या एकट्याने नव्हे. एकाची उसंत जर दुसऱ्याच्या पाठीवर बसत असेल, तर तो आळस झाला.

तुम्ही म्हणाल, महाराज, बोलणे सोपे आहे. घराचा हप्ता कोण भरणार? मुलांची फी? नोकरी गेली तर? हा प्रश्न खरा आहे, आणि तो उडवून लावणारे निरूपण मला मान्य नाही. संतांनी प्रपंच टाकायला सांगितलेला नाही. आणि सगळा दोष कामगाराच्या लोभावर टाकणेही न्यायाचे नाही. कामाला वेस घालायची ती काही एकट्यादुकट्याने घालता येत नाही, हे याच मुंबईने शिकवले आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली, आठवड्याच्या सुटीची मागणी लावून धरली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार. तो आपल्याला दान म्हणून मिळालेला नाही, लढून मिळाला आहे. पुढे १९४८च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. पूर्वजांनी घातलेली वेस आपण हसत-हसत मोडू देऊ नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या हाती आहे. तुकोबारायांनी दुष्काळानंतर सावकारीचे कागद काढले, निम्मे धाकट्या भावाला, कान्होबाला दिले आणि आपल्या वाट्याचे इंद्रायणीत बुडवले. आपल्याला बँकेचे कागद दहिसर नदीत बुडवून चालणार नाही, बँक घरी येईल! पण तुकोबांनी बुडवले ते कागद कोणते होते ते पाहा. लोक त्यांचे देणे लागत होते, ते कागद. असे खतपत्र प्रत्येक कर्त्या माणसाच्या मनात असते. ‘मी हे सगळे तुमच्यासाठीच करतो’ असे म्हणून तो कामाचा एकेक तास बायको-मुलांच्या नावे मांडत जातो. मग म्हातारपणी वसुलीला बसतो, आणि मुले म्हणतात, आम्ही मागितले कधी? मुलांना बाप हवा होता, यांनी ब्लॉक दिला. हे खतपत्र आधी बुडवावे.

आमच्या व्यासपीठावरही हे वारे शिरले आहे. एका दिवसात तीन-तीन गावच्या तारखा, मोटारीतच जेवण, पूर्वरंग संपायच्या आत घड्याळाकडे नजर. जो स्वतः धावतो आहे, त्याने श्रोत्यांना विसावा कसा सांगावा? श्रोत्यांनीही लांबलचक सप्ताहापेक्षा निवांत एक कीर्तन मागावे.

मग करायचे काय? वारीने त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. वारी नुसती हळू चालत नाही, ती रोज थांबते. मुक्कामी पोचल्यावर समाजआरती होते. दिंड्या भोवती उभ्या राहतात, टाळ चालू असतात. चोपदार चोप उंच करतात आणि लाखोंचा समुदाय एका क्षणात शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तेवढीच आपला टाळ वाजवत राहते. चोपदार तिकडे जातात, तक्रार ऐकून घेतात. हरवले-सापडलेले पुकारले जाते. उद्या किती वाजता निघायचे ते सांगितले जाते. मग आरती. एवढा मोठा समाज दिवसाच्या शेवटी हे विचारल्याशिवाय झोपत नाही की कोणाचे दुखले, कोण हरवले.

हीच समाजआरती घरात लावा. आठवड्यातून सात दिवस जमत नसेल तर तीन दिवस लावा. वार ठरवा आणि त्याला नेम म्हणा. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. अर्धा-पाऊण तास हरिपाठ, मग एकत्र जेवण, वाढायला आणि आवरायला सगळ्यांचे हात. आणि जेवताना कान देऊन ऐका, सगळे गप्प झाल्यावर कोणाचा टाळ अजून वाजतो आहे? आईचा गुडघा, मुलाची शाळेतली भीती, बायकोचे कधीचे राहिलेले माहेर. बरेचदा घरातली तक्रार मोठ्याने वाजत नाही, कारण चोप कधी वर गेलेलाच नसतो.

आणि त्या वेळात हापिसाचा फोन वाजलाच, तर त्याच्याकडे एक वीट सरकवून द्या. थोडा वेळ तो उभा राहील. प्रत्यक्ष पांडुरंग उभा राहिला, तर साहेब का नाही राहणार?