शहरी शेतकऱ्याची विनोदी कथा

शहर सोडून शेतीला लागलेला माणूस हा विनोदी कथेचा जुना नायक आहे. त्याला जमिनीची ओढ असते, पण जमिनीविषयीची त्याची माहिती पुस्तकांतून किंवा ऐकीव गप्पांतून आलेली असते. पहिल्या हंगामातच ती उघडी पडते, शेजारचे शेतकरी बांधावरून बघत राहतात आणि कथा पुढे सरकते. एवढ्याशा मांडणीवर जवळजवळ दीडशे वर्षे कादंबऱ्या, चित्रपट आणि मालिका उभ्या राहत आल्या आहेत. त्यांची प्रत ठरते ती मुख्यतः दोन गोष्टींवर: हसू कोणावर येते, आणि शेतीचे काम त्यात खरोखर दिसते का.

या कथेचा पाया गुस्ताव्ह फ्लोबेरच्या ‘बूवार आणि पेक्यूशे’ या कादंबरीत पक्का झाला. फ्लोबेर १८८० मध्ये वारला. अपुरी राहिलेली ही कादंबरी १८८१ मध्ये प्रसिद्ध झाली. पॅरिसमधले दोन नकलनवीस कारकून वारशाचा पैसा हाती येताच नॉर्मंडीत शेत घेतात आणि शेतीवरचे ग्रंथ मागवतात. खरबुजांच्या निरनिराळ्या जाती ते शेजारीशेजारी लावतात. परागांची सरमिसळ होते आणि फळांना भोपळ्याची चव येते. आंबवण्याची छापील पद्धत वापरून रचलेल्या गंज्या आतल्या उष्णतेने पेट घेतात. परागांच्या सरमिसळीचा परिणाम खरे तर त्याच फळाच्या चवीवर होत नाही, तो पुढच्या पिढीत दिसतो; पण गंज्यांची आग शेतीशास्त्राच्या दृष्टीने शक्य कोटीतली आहे, आणि असा तपशील हीच या विनोदाची ताकद आहे. फ्लोबेरने या लेखनासाठी दीड हजारांहून अधिक पुस्तके वाचल्याचे स्वतः पत्रात लिहिले होते. त्याच्या दोन्ही नायकांची चूक आळसाची नाही. ते कष्टाळू आहेत, पण त्यांना पीक दिसण्याआधी परिच्छेद दिसतो.

अमेरिकेत हा प्रकार लोकप्रिय केला बेटी मॅकडोनाल्डच्या ‘द एग अँड आय’ या १९४५ च्या आत्मकथनाने. विमा विकणाऱ्या नवऱ्याच्या मनात कोंबडीपालन भरते आणि शहरी घरात वाढलेली तरुणी वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिक द्वीपकल्पावरच्या पावसाळी डोंगराळ मुलखात येऊन पडते. इथे स्वप्न पुरुषाचे आणि राबणे बाईचे. पाणी भरणे, चूल पेटती ठेवणे, खुराडी साफ करणे हे सारे तिच्या वाट्याला येते, आणि लेखिका ते अचूक तपशिलाने सांगते. प्रत्यक्षात हा संसार घटस्फोटापर्यंत गेला. पुस्तकात तो शेवट नाही. मात्र शेजारी आणि स्थानिक आदिवासी यांच्याविषयी ती लिहिते तेव्हा विनोद क्रूर होतो. १९४७ च्या चित्रपटाने शेजारचे केटल जोडपे इतके गाजवले की पुढे त्यांच्यावर स्वतंत्र चित्रमालिका निघाली. शहरी माणसाच्या अज्ञानावरचे हसू इथे खेडुताच्या गबाळेपणावर वळले, आणि या प्रकाराची ती दीर्घकाळची उणीव ठरली.

‘ग्रीन एकर्स’ या मालिकेने (सीबीएस, १९६५ ते १९७१) ही उणीव निराळ्या वाटेने ओलांडली. न्यूयॉर्कचा वकील ऑलिव्हर डग्लस हूटरव्हिलमधले मोडकळीला आलेले शेत विकत घेतो आणि थ्री-पीस सूट घालून ट्रॅक्टर चालवतो. टेलिफोन खांबाच्या टोकावर असल्याने बोलण्यासाठी त्याला दर वेळी वर चढावे लागते. कृषी अधिकारी हँक किंबल एक वाक्य बोलून पुढच्यात ते खोडतो. आर्नोल्ड नावाचे डुक्कर टीव्ही बघते. शेतीचे गोडवे गाणाऱ्या ऑलिव्हरला गावाचे तर्कशास्त्र कधीच उमगत नाही, आणि शहरासाठी झुरणारी त्याची बायको लिसा मात्र गावात सहज मिसळते. ही उलटापालट फार हुशारीने रचलेली आहे. पण शेती मालिकेत नावालाच आहे. पीक, पाऊस आणि बाजार यांना तिथे वजन नाही. १९७१ मध्ये सीबीएसने शहरी, तरुण प्रेक्षकांसाठी ग्रामीण वळणाच्या मालिका एकगठ्ठा बंद केल्या, त्यांत हीही गेली.

बीबीसीच्या ‘द गुड लाइफ’ने (१९७५ ते १९७८) शेतच शहरात आणले. जॉन एस्माँड आणि बॉब लार्बी यांनी लिहिलेल्या या मालिकेत टॉम गुड चाळिशीला पोहोचतो, न्याहारीच्या पाकिटांतल्या खेळण्यांचे आराखडे काढण्याची नोकरी सोडतो आणि पत्नी बार्बरासह सर्बिटनच्या बंगल्यामागची हिरवळ उखडून बटाटे लावतो. बकरी येते, डुकरे येतात, तळघरात शेणखताच्या वायूवर वीज तयार होते. तेलटंचाईने हैराण झालेल्या ब्रिटनला स्वयंपूर्णतेची कल्पना तेव्हा जवळची वाटत होती. खरा संघर्ष शेजारणीशी, मार्गोशी आहे. तिला चिखलही नको आणि मैत्रीही तोडायची नाही. मार्गो पेनेलोपी कीथने इतकी जिवंत केली की हास्यास्पद ठरणारी बाई शेवटी सर्वांत प्रिय होते. शेजार आणि नवरा-बायकोचे नाते यांबाबत या प्रकारातली ही सर्वांत परिपक्व कृती म्हणावी लागेल.

या सगळ्या नायकांना परतीची वाट असते. ती काढून घेतली तर काय होते, हे क्लोद बेरीच्या ‘जाँ द फ्लोरेत’ (१९८६) या फ्रेंच चित्रपटात दिसते. मूळ कथा मार्सेल पाञोलची. शहरातला करवसुली कारकून प्रॉव्हान्समध्ये वारशाच्या जमिनीवर येतो, पुस्तकातल्या आकडेमोडीवर ससेपालन मांडतो आणि शेजाऱ्यांनी झरा बुजवल्यामुळे पाण्यासाठी विहीर खणताना सुरुंगाच्या स्फोटात मरतो. आराखडा बूवार-पेक्यूशेचाच आहे, फक्त गाठीला दुसरा पैसा नाही.

अलीकडचे ठळक उदाहरण म्हणजे ‘क्लार्कसन्स फार्म’ (२०२१ पासून). मोटारींच्या कार्यक्रमांमुळे प्रसिद्ध झालेला जेरेमी क्लार्कसन ऑक्सफर्डशायरमधली सुमारे हजार एकर जमीन स्वतः कसू लागतो. शेडमध्ये न मावणारा लॅम्बोर्गिनी ट्रॅक्टर ही अपेक्षित गंमत झाली. कार्यक्रमाचे खरे यश हिशोबात आहे. लोकर कातरायची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त पडते. अनुदान बाजूला ठेवता पहिल्या वर्षाचा नफा १४४ पौंड निघतो. शिवाय कॅलेब कूपर हा गावातला तरुण क्लार्कसनला उघडपणे रागे भरतो आणि बहुधा त्याचेच बरोबर असते. केटल कुटुंबाच्या वाट्याला न आलेला मान इथे जाणत्या शेतकऱ्याला मिळाला.

मराठीत ग्रामीण विनोद भरघोस आहे. द. मा. मिरासदार आणि शंकर पाटील यांच्या कथांत गाव आतून बोलते. उमेश कुलकर्णी यांच्या ‘वळू’त (२००८) बाहेरून येतो तो वनाधिकारी, आणि त्याला मोकाट वळू पकडायचा असतो, नांगराशी त्याचा संबंध नाही. शहर सोडून शेतीला लागलेल्या माणसाची कथा मात्र मराठीत फारशी दिसत नाही, आणि यामागे जमिनीच्या कायद्याचाही भाग असावा. महाराष्ट्रात कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्याला सर्वसाधारणपणे परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, त्यामुळे ऑलिव्हर डग्लससारखी हौसेची खरेदी ही सुरुवातच इथे अवघड आहे. आपल्याकडचा शहरी शेतकरी बहुधा वारस असतो. सातबाऱ्यावर त्याचे नाव भावंडांच्या रांगेत असते, जमीन चुलतभाऊ कसतो आणि बांधाचा वाद आजोबांच्या काळापासून चाललेला असतो. तो शेती करायला आला की त्याची गाठ पडते ती थेट भाऊबंदकीशी. ही कथा मराठी लेखकांनी आणि पटकथाकारांनी मनावर घ्यावी, आणि ती लिहिताना खत, मजुरी व बाजारभाव यांचा खरा हिशोब त्यात मांडावा.